पाडव्याची गाडी आणि मागचा डावा दरवाजा

ताईचा फोन १ एप्रिल २०२५ ला सकाळी आला. पाडव्याला गाडी घरी आली, त्याला दोनच दिवस झाले होते.

"अरे, गाडी पुसत होते. मागच्या डाव्या दाराला हात लावला तर रव्यासारखं लागतंय. बाकी सगळीकडं काचेसारखं आहे. नव्या गाडीला असं असतं का?"

मी गेली सतरा वर्षं पुण्यात बॉडीशॉपमध्ये काम करतो. ठोकलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, डेंटिंग-पेंटिंग होऊन जातात. 'रव्यासारखं' म्हटल्यावर मला पुढचं बरंचसं कळलं. रंग ओला असताना हवेतली धूळ त्यावर बसली आणि तशीच वाळली, की हाताला रवा लागतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर असा एखाददुसरा कण सापडतो. अख्खं दार खरखरीत, आणि बाकी गाडी गुळगुळीत, असं सहसा होत नाही.

मी ताईला एवढंच सांगितलं, "मी रविवारी येतो. तोवर त्या दाराला काही लावू नकोस, आणि शोरूमवाल्यांनाही लावू देऊ नकोस." या दुसऱ्या वाक्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहितोय. नव्या गाडीच्या रंगात खोट निघाली की बहुतेक माणसं त्याच दिवशी शोरूमला जातात, तिथला मुलगा मशिन आणून तासाभरात दार चकचकीत करून देतो, आणि माणसं समाधानाने घरी येतात. गाडीला काय झालं होतं हे कळण्याची वाट त्या तासाभरात बंद होते.

दाजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घर. ग्रॅच्युइटीच्या पैशातून घेतलेली ही त्यांची आयुष्यातली पहिली चारचाकी, राखाडी मेटॅलिक रंगाची, पेट्रोलची, एक्स-शोरूम ८ लाख ९० हजारांची. कर्ज नाही. पाडव्याला दारात यायला हवी म्हणून पासिंग तीन दिवस आधीच उरकलेलं. म्हणजे गाडी दाजींच्या नावावर झाली तेव्हा त्यांनी ती पाहिलेलीसुद्धा नव्हती. पाडव्याच्या संध्याकाळी सात वाजता, शोरूमच्या पिवळ्या दिव्यांखाली, बॉनेटवर हार आणि चाकांखाली लिंबं अशा अवस्थेत चावी हातात पडली. त्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागलेली होती. 'गाडी उत्तम स्थितीत मिळाली' अशा छापील ओळीखाली दाजींनी सही केली. त्या प्रकाशात आणि त्या गर्दीत मीही दाराला हात लावून पाहिला नसता.

रविवारी उन्हात

६ एप्रिलला रामनवमी होती. सकाळी आठच्या सुमारास गाडी अंगणात, उन्हाला तिरकी उभी केली. रंग पाहायचा तर ऊन तिरकं हवं; भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळंच चमकतं. आधी गाडी साध्या पाण्याने धुऊन घेतली, कारण धुळीच्या थरावर काहीच नीट कळत नाही.

मग हात. डोळ्यांआधी हात, ही आमच्या वस्तादांची शिकवण. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून तळवा अलगद फिरवला की उघड्या हाताला न लागणारा कणही कळतो. मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खालच्या पट्ट्यात, तळहाताएवढ्या जागेत मी पंधरा-वीस कण मोजले. पुढच्या डाव्या दारावर दोन. उजवी बाजू पूर्ण साफ.

नंतर गेज काढलं. रंगाची जाडी मोजणारं हे यंत्र मोबाइलच्या निम्म्या आकाराचं असतं. पत्र्यावर टेकवलं की पत्रा आणि यंत्र यांच्यामध्ये किती जाडीचा थर आहे ते मायक्रॉनमध्ये दाखवतं. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर हे चालत नाही. तिथे डोळे आणि हात हेच यंत्र.

कारखान्यात पत्र्याची बॉडी आधी रसायनांच्या टाकीतून जाते. मग गंज रोखणाऱ्या प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्याचा पहिला थर चढवतात. त्यावर दुसरा प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून दोन केसांएवढा जाड. त्यात ज्याला आपण रंग म्हणतो तो बेस कोट जेमतेम १५ मायक्रॉनचा.

दाजी वही घेऊन बसले आणि मी सांगेन ते आकडे लिहीत गेले. बॉनेट ११२. टप १०८. उजवी दोन्ही दारं १०४ ते ११८. पुढचं डावं दार ११५. मागच्या डाव्या दारावर यंत्र टेकवलं तर २३८. चार बोटं खाली २५१. कोपऱ्यात २६४. दाजींनी पेन थांबवलं. "परत लाव एकदा." परत लावलं. २५०.

दाराच्या मागे, चाकावरच्या पत्र्यावर म्हणजे क्वार्टर पॅनेलवर, दाराशी १९०, मग १६५, आणि मागच्या दिव्यापाशी पोचेपर्यंत १२०. जाडी अशी हळूहळू उतरत जाते तेव्हा पेंटरने रंग पुढच्या पॅनेलवर 'मारत नेलेला' असतो. दाराचा रंग आणि शेजारचा रंग एकदम तुटक दिसू नयेत म्हणून कडेला फवारा पातळ करत नेतात.

इथे घाई करायची नाही. जाडी दुप्पट दिसली म्हणून 'गाडी ठोकलेली आहे' असं ठोकून देता येत नाही. कारखान्यातच रंगात खोट निघाली तर बॉडी पुन्हा रंगवतात, आणि तेव्हाही थर दुप्पट होतो. ते दार सरळ असतं आणि कारखान्याच्या तपासणीतूनही रीतसर गेलेलं असतं. म्हणून आकड्याच्या पुढे जाऊन पाहावं लागतं: हा रंग कोणत्या टप्प्यावर मारला?

त्याचं उत्तर काचेखालच्या काळ्या रबरी बीडिंगने दिलं. बीडिंग नखाने किंचित वर उचललं. रबराच्या आतल्या ओठावर राखाडी फवाऱ्याची बारीक भुकटी बसलेली होती, आणि पत्र्यावर केसाएवढी उंच, सरळ रेघ. मास्किंग टेप लावून रंग मारला आणि टेप ओढून काढली, की अशी रेघ उरते. कारखान्याच्या पेंट शॉपमधून बॉडी जाते तेव्हा तिला रबर, काच, हँडल काहीच बसवलेलं नसतं. रबरावर रंग उडालाय म्हणजे गाडी पूर्ण जुळल्यानंतर हे दार रंगवलं गेलं. कुणी रंगवलं, कुठे रंगवलं, हे मात्र त्यावरून कळत नाही. कारखान्याच्या शेवटच्या टोकाला, ट्रेलरवरून उतरवल्यावर, गाड्या ठेवायच्या यार्डात, शोरूमच्या वर्कशॉपमध्ये, यांतल्या कुठल्याही जागी ते होऊ शकतं.

आणखी तीन गोष्टी पाहिल्या. दार उघडून आतली कड मोजली: ८८, म्हणजे आतला रंग मूळचा. बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग अखंड, पान्याची खूण नाही, म्हणजे दार बदललेलं नाही. आणि सगळ्या दारावर कुठेही ४०० च्या वर आकडा गेला नाही. पत्रा चेपून पुट्टी भरली असती तर यंत्र सहज पाचशे-सातशे दाखवतं, कधी हजारावर जातं. तेव्हा माझं मत झालं ते असं: दाराला लांब ओरखडा पडला असावा, मोठा मार नाही, पत्रा सरळ आहे, आणि कुणीतरी घाईत, धुळीच्या जागी, बाहेरून रंग मारून मोकळं झालंय.

मोबाइलच्या टॉर्चने तिरकं पाहिलं तर क्लिअर कोटच्या खाली समांतर बारीक रेघा दिसत होत्या. पॉलिश पेपर जाड वापरला आणि त्याचे ओरखडे न घालवताच वर रंग चढवला, की त्या रेघा काही दिवसांत अशा वर दिसू लागतात. रंग सुकत आकसत जातो तशा त्या जास्त उठतात. या रेघा रंगाखाली होत्या, आणि पुढचा सगळा निर्णय त्यांच्यावरच फिरला.

पॉलिश का नाही

दाजींचं म्हणणं तेव्हा वेगळं होतं. "जाऊ दे रे. इंजिन चांगलं आहे ना? पाडव्याच्या गाडीवरनं भांडण नको." त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, चाळीस पोरांच्या वर्गात आवाज न चढवता शिकवणारा माणूस. मी त्यांना वही दाखवली. "दाजी, पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल. घेणारा असंच यंत्र लावेल, २५० बघेल आणि म्हणेल गाडी ठोकलेली आहे. तुम्ही म्हणाल, नाही, नवीनच अशी आली. त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" हे त्यांना पटलं. त्यांना पैशाचा तोटा फारसा लागला नाही. आपण खोटे ठरू, हे लागलं.

तरीही शोरूमला फोन केल्यावर तिकडून पहिलं उत्तर आलं ते मला अपेक्षित होतं: "सर, गाडी घेऊन या, रबिंग-पॉलिश करून देतो. एका तासात नवीन."

पॉलिशने काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. कंपाउंड आणि मशिनने क्लिअर कोटचा वरचा थर घासून काढतात. हलक्या हाताने केलं तर तीन-चार मायक्रॉन, दाबून केलं तर दहाच्या पुढेही. धुळीचे कण कापले जातात, हाताला रवा लागणं थांबतं, पण रंगाखालच्या रेघा तशाच राहतात, कारण तिथवर मशिन पोचतच नाही. क्लिअर कोट मात्र पातळ होतो, आणि उन्हापासून रंग वाचवण्याचं काम त्याचंच असतं. शिवाय दार गुळगुळीत झालं की तुमच्या तक्रारीचा हाताला लागणारा पुरावा संपतो, आणि जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीत, 'ग्राहकाच्या विनंतीवरून पॉलिश' एवढंच उरतं.

आणखी एक गोष्ट दाजींनी सहज सांगितली. डिलिव्हरीच्या वेळी त्यांच्याकडून ६,५०० रुपये घेऊन गाडीवर चकाकीचं कोटिंग मारलं होतं. ताज्या फेररंगातून काही आठवडे द्रावण उडत असतं. त्यावर मेण किंवा कोटिंग लगेच चढवू नये, असं रंग बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. ज्या दाराला श्वास घ्यायला हवा होता, त्याचं तोंड बांधलं होतं, आणि तेही दाजींच्याच पैशाने. हे ऐकून मला खरंच राग आला.

७ एप्रिलला दाजींनी ईमेल पाठवला, शोरूमला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांना एकाच वेळी. मसुदा मी केला, भाषा त्यांची. शिक्षकाचा मजकूर असावा तसा तो झाला: चेसिस नंबर, डिलिव्हरीची तारीख, पॅनेलनिहाय आकडे, बीडिंगचा फोटो, टेपच्या रेघेचा फोटो, तिरक्या उजेडातल्या रेघांचा फोटो. आणि चार मागण्या: या चेसिस नंबरवर झालेल्या सगळ्या कामांची जॉबकार्डं, डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद, ट्रेलरवरून गाडी उतरवताना यार्डात भरलेला नोंदीचा कागद, आणि या दाराला काय झालं होतं याचं लेखी उत्तर. दुरुस्ती मागितलीच नाही. आधी माहिती, मग दुरुस्ती, हा क्रम मी त्यांना सोडू दिला नाही.

'छोटीशी दुरुस्ती' कुणी ठरवायची

९ तारखेला शोरूममध्ये आम्ही समोरासमोर बसलो. सर्व्हिस मॅनेजर वागायला सज्जन होते. त्यांचं म्हणणं असं, की हजार-दोन हजार किलोमीटर ट्रेलरवरून येणाऱ्या गाड्यांना कुठे कुठे खरचटतं, ते दुरुस्त करूनच देतात, सगळीकडे असंच चालतं, आणि सात-आठ हजारांच्या कामासाठी ग्राहकाला कशाला घाबरवायचं?

हाच युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये डॉ. गोर नावाच्या गृहस्थांनी जानेवारी १९९० मध्ये ४०,७५० डॉलरला नवी काळी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी ती आणखी चमकावी म्हणून एका डिटेलिंगवाल्याकडे दिली, आणि त्याने सांगितलं, ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना बहुधा आम्लपावसाने रंग खराब झाला होता, आणि जॉर्जियातल्या कंपनीच्या केंद्रात टप, बॉनेट, डिकी आणि क्वार्टर पॅनेलं नव्याने रंगवली होती. कंपनीचा तेव्हा नियमच होता: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची, विक्रेत्यालाही सांगायचं नाही. या गाडीचा खर्च होता ६०१ डॉलर, म्हणजे दीड टक्का. ज्युरीने नुकसानीचे ४,००० डॉलर आणि दंड म्हणून ४० लाख डॉलर दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड २० लाखांवर आणला, आणि २० मे १९९६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला. मूळ नुकसानीच्या ५०० पट दंड घटनेत बसत नाही, असं म्हटलं. पुढे अलाबामाच्या न्यायालयाने तो ५० हजार डॉलरवर ठरवला.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो: ज्युरीच्या निकालानंतर काही दिवसांतच कंपनीने आपला नियम बदलला, आणि कितीही लहान असली तरी प्रत्येक दुरुस्ती सांगायची असं ठरवलं. आमच्या दाराचा खर्च गाडीच्या किमतीच्या एक टक्काही नसेल. पण ते 'लहान' आहे हे ठरवण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याचा आहे. दाजींना डिलिव्हरीआधी सांगितलं असतं, की दाराला यार्डात खरचटलं, रंगवलंय, त्याबद्दल एवढी सूट देतो, तर मला खात्री आहे त्यांनी हो म्हटलं असतं.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये हे नेमकं बसतं. कलम २(१०) मध्ये 'दोष' म्हणजे गुणवत्तेतली कोणतीही उणीव. कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीत ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणं स्पष्ट शब्दांत आलंय. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. दोष उघड दिसत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेऊ शकतो. दावा लावायच्या आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, आणि आम्ही ती त्याच संध्याकाळी केली.

गाडी बदलून मिळेल का, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. बदलून देण्याचा आदेश काढायची सोय कायद्यात आहे, पण दुरुस्त होण्याजोग्या दोषाला आयोग बहुधा दुरुस्ती आणि भरपाईच देतो. शिवाय पासिंग झालेलं, लाखाच्या आसपास रोड टॅक्स भरलेला, विमा त्या चेसिसवर निघालेला. पासिंगआधी हाच दरवाजा सापडला असता तर 'ही गाडी नको, दुसरी द्या' एवढं एक वाक्य पुरलं असतं. म्हणून आता माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर सांगतो: चेसिस नंबर हाती आला की पासिंगच्या आधी यार्डात जा, दिवसाउजेडी जा, मुहूर्त चार दिवस पुढे गेला तरी चालेल.

कबुली

१७ एप्रिलला कंपनीचे विभागीय अधिकारी स्वतःचं गेज घेऊन आले. त्यांचे आकडे दाजींच्या वहीपेक्षा पाच-सात मायक्रॉनने इकडेतिकडे होते, बाकी तेच. त्यांनी बीडिंग उचलून पाहिलं आणि शोरूमच्या माणसाकडे वळून फक्त "जॉबकार्ड आणा" म्हणाले. त्या वेळी कागद निघाला. १० मार्चला यार्डात गाडी लावताना दार लोखंडी खांबाला घासलं होतं. बाहेरच्या एका पेंटरकडून दार रंगवून घेतलं होतं.

अधिकाऱ्यांनी मोफत सर्व्हिसिंग, वाढीव वॉरंटी, सीट कव्हर असं बरंच काही देऊ केलं. दाजी शांतपणे म्हणाले, "मला गाडी बदलून नको, कव्हरही नको. काय झालं ते मला लिहून पाहिजे." खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

२ मेला पत्र आलं. नुकसान कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या पॅनेलना. सांगाड्याला मार नाही. त्या पॅनेलच्या रंगाला उरलेल्या गाडीइतकीच वॉरंटी. सर्व्हिस इतिहासात नोंद. दार कंपनीच्या मान्यताप्राप्त बॉडीशॉपमध्ये नव्याने रंगवून देणार. कोटिंगचे ६,५०० परत आणि भरपाई ४० हजार. आम्ही ६० मागितले होते. दाजींना अजून ताणायचं नव्हतं, आणि पत्र हाती आल्यावर मीही आग्रह धरला नाही.

दार पुन्हा रंगवताना

पुन्हा रंगवायचं की नाही, याचाही मी दोन दिवस विचार केला. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजतात. जुळलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही, कारण आतलं प्लॅस्टिक, रबर, वायरिंग वितळेल. म्हणून बॉडीशॉपमध्ये हार्डनर घातलेला वेगळा रंग वापरून बूथमध्ये ६० अंशांवर सुकवतात. तो टिकाऊ असतो, पण तो कारखान्याचा थर नव्हे. नुसते धुळीचे कण असते तर मी २००० आणि ३००० नंबरच्या वॉटर पेपरने ते कापून पॉलिशवर भागवलं असतं. क्वार्टर पॅनेलवर तसंच केलं, चार-पाच मायक्रॉनपेक्षा जास्त न काढता. दाराला मात्र रंगाखालच्या रेघा होत्या, तिथे दुसरा इलाज नव्हता.

मेच्या मध्यावर पुण्यात चार दिवस काम चाललं. आमच्या शॉपमध्ये नाही, पण मला उभं राहू दिलं. हँडल, बीडिंग, पट्टी सगळं काढून ठेवलं. त्या बाहेरच्या पेंटरचा थर उतरवत उतरवत मूळ क्लिअर कोटपर्यंत गेले. खांबाचा ओरखडा तिथे दिसला, वीतभर लांब, प्रायमरपर्यंत गेलेला. तो भरून समतल केला.

सगळ्यात वेळ गेला तो शेडला. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. फवारा कोरडा मारला तर ते वरच राहून रंग उजळ दिसतो, ओला मारला तर खाली बसतात आणि गडद दिसतो. डब्यावरचा कोड तोच असला तरी हात बदलला की शेड बदलते. पुढच्या दारावर रंग मारत न्यायला मी नको म्हटलं होतं. ते दार कारखान्याचं होतं आणि मला ते तसंच ठेवायचं होतं. म्हणून दाराचा रंग थेट जुळवावा लागणार होता. पेंटरने पत्र्याच्या कार्डावर तीन नमुने मारले, सुकवले, क्लिअर चढवला आणि पुढच्या दाराला लावून उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली धरून पाहिले. पहिला उजळ, दुसऱ्यात निळसर झाक, तिसरा बसला. असं कार्ड मारायला अर्धा दिवस जातो आणि बिलात त्याची ओळ नसते, म्हणून फार थोडे पेंटर ते करतात. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले.

शेवटी दारावर १५० ते १६५ असा आकडा आला. दाजींनी तो त्याच वहीत, २५० च्या शेजारी, तारखेसह लिहिला. पत्राची एक प्रत विम्याच्या कागदांसोबत गाडीत आहे, मूळ प्रत कपाटात.

पहिल्या पावसानंतर मी गेलो तेव्हा ताई गाडी पुसत होती. तिने तळवा दारावरून फिरवून दाखवला. "आता रवा लागत नाही. पण उन्हं कलली की हे दार जरासं गडद दिसतं, मला दिसतंच ते."

संध्याकाळी साडेपाचला, डाव्या बाजूने, दहा पावलांवर उभं राहून मी पाहिलं. तिचं बरोबर आहे.